सहाशे चाळीसपैकी दोनशे नऊ

माझा जन्म दिल्लीचाच, पण कोणी विचारलं तर आम्ही कराडकडचे, असं सांगायची सवय आहे. वडील केंद्र सरकारच्या ऑफिसात क्लार्क म्हणून आले आणि इथंच रिटायर झाले. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो, पुढं बी.एस्सी. केलं आणि पंचविसाव्या वर्षी गव्हाच्या एका सरकारी संशोधन केंद्रात फील्डवर लागलो. आता बावन्न चालू आहे, म्हणजे सत्तावीस वर्षं झाली. पुण्याचे नातेवाईक समजतात मी एसीत बसून फायली फिरवतो, मी म्हणतो या एकदा जानेवारीत, धुक्यात गुडघाभर ओल्या गव्हातून चालून दाखवा.

माझं काम म्हणजे भेसळ काढणं. आता हे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवीन वाण तयार झालं की त्याचं मूळ बियाणं आमच्याकडं वाढतं, आणि तेच पुढं हजारो शेतांत जातं, म्हणून ते शुद्ध लागतं. वाफ्यात एक रोप उंच दिसलं, एकाची ओंबी आधी बाहेर पडली, एकाच्या पानावर निळसर झाक दिसली, की ते परकं. मुळासकट उपटायचं, पिशवीत घालायचं, शेताबाहेर न्यायचं. नुसतं मोडून टाकलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. एका हंगामात तीन फेऱ्या, आणि किती उपटली त्याची नोंद माझ्या डायरीत. काय सांगू तुम्हाला, माझ्या वाफ्यात तपासणीला आलेल्या माणसाला सत्तावीस वर्षांत परकं रोप सापडलेलं नाही. एकदा एक सापडलं होतं, ते कडेचं होतं, शेजारच्या वाफ्याचं.

घरी पण तेच. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मुलगी मैत्रिणींना सांगते, पापा डाळीतून पण ऑफ-टाइप काढतात यार. पापा म्हणते, बाबा म्हणत नाही, ते जाऊ द्या. बायको म्हणते, तुमचं बरं आहे, जे वेगळं दिसेल ते चुकीचं. तेव्हा मी हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी मेहुण्याच्या लग्नाला आठ दिवस साताऱ्याला गेलो होतो. परत आलो, सकाळी फेरीला निघालो, तर शेवटच्या ब्लॉकच्या पलीकडं, जिकडं त्या हंगामात मी गेलोच नव्हतो, एक छोटा वाफा, वीस ओळींचा, पाटीवर नुसता नंबर. आणि आत नुसता गोंधळ. कोणी कमरेएवढं, कोणी छातीएवढं, कुणाला कुसळं, कोणी बिनकुसळाचं, काहींच्या ओंब्या बाहेर, काहींच्या अजून पानाच्या पोटरीतच. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पेरणीच्या वेळी यंत्र साफ केलं नाही, सगळं मिसळलं. तिथं निंदणीला एक बाई होती, ती म्हणाली, बाबूजी, ये तो ऐसा ही है, मॅडम ने हाथ लगाने को मना किया है. मी म्हणालो, मॅडम नवीन आहेत, तू तुझं काम कर.

हे मी बोललो. ते मला रोज आठवतं.

सर्वांत जास्त जे दिसत होतं ते ठेवलं, बाकी उपटलं. दोन तास लागले. डायरीत लिहिलं, एकूण सहाशे चाळीस, काढली चारशे एकतीस, राहिली दोनशे नऊ. एवढी भेसळ एका वाफ्यात मी कधी पाहिली नव्हती, म्हणून खाली रेघ पण मारली. वाफा कसा एकसारखा दिसायला लागला, फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि चहाला गेलो.

नंदिता मॅडम, आमच्या शास्त्रज्ञ, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, त्या धावत आल्या. धावत म्हणजे खरंच धावत. वाफ्याजवळ आल्या आणि उभ्याच राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, काका, ही भेसळ नव्हती, हाच तो गहू होता.

तो गहू फरीदाबादच्या पुढच्या एका गावातल्या म्हाताऱ्या बाईचा. अम्मा म्हणतात तिला सगळे. तिच्या सासूपासून चालत आलेलं बियाणं, मिसळूनच पेरायचं, मिसळूनच कापायचं. मुलानं नवीन वाण लावलं तरी ही बांधाकडं एक तुकडा आपला पेरत होती, मग पाय गेले आणि बियाणं राखेत घालून मटक्यात ठेवलं. निम्मं उंदरांनी खाल्लं. उरलेलं सगळं तिनं मॅडमना दिलं, एका बोलीवर, की पिकलं की दुप्पट परत आणून द्यायचं. त्यांच्यात बियाण्याचा तसाच रिवाज आहे. बी जुनं, निम्मंच उगवेल म्हणून मॅडमनी सगळं पेरलं, मागं ठेवलं नाही. ही त्यांची चूक, असं त्या स्वतः म्हणतात, पण मी ती त्यांच्या नावावर लावत नाही.

उपटलेली रोपं शोधायला शेणखताच्या खड्ड्यावर गेलो. हिरवीच होती, दाणा भरलेला नव्हता, वरून दोन ट्रॉल्या शेण पडलं होतं. संपलं.

थांबा, त्यात एवढं काय, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं, ते सांगतो. मॅडमनी मला बसवून समजावलं. गहू स्वतःच स्वतःचं परागण करतो, त्यामुळं एकदा एक रोप निवडलं की पुढं त्याच्यासारखीच रोपं. पूर्वी शेतकऱ्याच्या एका शेतात दहा-वीस तऱ्हा एकत्र असायच्या. आपण शंभरातून दहा निवडले, दहातून एक, मग त्याचा दुसऱ्या निवडलेल्याशी संकर केला, त्यातून परत एक. उत्पन्न वाढलं, देशाचं पोट भरलं, ते खोटं नाही. पण दर वेळी निवडलेला पुढं गेला आणि बाकीचे मागं राहिले, आणि मागं राहिलेल्यांपैकी कोणाकडं काय होतं हे कोणी विचारलं नाही. नवीन तांबेरा आला तर एकसारखं शेत एकदम आजारी पडतं, मिसळलेल्या शेतात काही उभे राहतात. नवीन वाणात ती ताकद घालायची तर ती कुठून आणायची, अशाच जुन्या गव्हातून. मी म्हटलं, म्हणजे पंचवीस वर्षं मी काय केलं. त्या म्हणाल्या, काका, तुमचं काम चूक नव्हतं, तुमचा वाफा चुकला.

बरं वाटलं नाही. मला मेट्रोत बसवेना, उभाच राहायचो. जेवताना मध्येच उठायचो, बायको म्हणायची, आता काय मोजताय.

मग मॅडमनीच काम दिलं. म्हणाल्या, उरलेली दोनशे नऊ तुम्हाला एकसारखी वाटतात ना, आता त्यातला फरक शोधा, तुमच्यासारखी नजर इथं कोणाकडं नाही. उलटं काम हो. ज्याला आजवर उपटलं त्याला लाल दोरा बांधायचा. रोज सकाळी जायचो. पिकायला लागल्यावर फरक दिसायला लागले, एकाच्या ओंबीला तांबूस रंग, एकाची ओंबी विरळ, एक सगळ्यात उशिरा पिवळं पडलं. प्रत्येक रोपाची ओंबी वेगळ्या पाकिटात, दोनशे नऊ पाकिटं. अम्मानं मॅडमना अकरा तऱ्हा सांगितल्या होत्या, बोटांवर मोजून. आमच्या हाती लागल्या पाच.

राहिल्या सहा. म्हणून मी उन्हाळ्यापासून रविवारी त्या बाजूला जायला लागलो. मेट्रोनं फरीदाबादच्या पुढं, मग बस, मग पायी. अम्माचं गाव सोडून आजूबाजूची. तिच्या गावाच्या एक स्टॉप आधी उतरायचो, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मॅडम सांगायच्या, अम्माचा फोन आला होता, विचारते माझा गहू किती झाला, मी काय सांगू. नऊ रविवार झाले. दारोदार विचारलं, पुराना गेहूँ है क्या. लोक हसायचे, म्हणायचे बाबूजी, पुराना कौन रखता है, ये देखो नंबर वन बीज. पोत्यावरचं नाव वाचायचो. आमचंच वाण. त्याच्या मुळाच्या वाफ्यातून मीच परकी रोपं काढली होती. एवढ्या गावांत तीनच वाणं मिळाली, त्यातली दोन माझ्या हाताखालून गेलेली.

नवव्या रविवारी एका घराच्या चौकटीवर जुन्या ओंब्यांची जुडी टांगलेली दिसली, शुभ म्हणून ठेवतात तशी. बिनकुसळाच्या ओंब्या. घरातली बाई म्हणाली, ये तो मुंडी है, हमारी सास की. मुंडी हे अम्मानं सांगितलेल्या अकरातलं नाव. अडतीस दाणे निघाले. पेरले, तीन उगवले. त्या तीन रोपांना मी जेवढं पाहिलं तेवढं पोरीच्या बारावीला पाहिलं नसेल.

तर सहा झाल्या. गेल्या दिवाळीनंतर दुप्पट बियाणं घेऊन मॅडम आणि मी अम्माकडं गेलो. तिनं सुपात ओतलं, बोटं फिरवली, नजर अधू पण बोटं पक्की. म्हणाली, ये तो छांट दिया, म्हणजे निवडून टाकलंत. मॅडम बोलायला लागल्या, मी थांबवलं. म्हटलं, अम्मा, मैंने उखाड़ा, गंद समझ के. अम्मानं सुनेला हाक मारली, अगं इकडं ये, बघ, ज्यानं माझा गहू साफ केला तो साहेब आलाय, त्याला चहा दे, पण चहापत्ती गाळून दे, त्याला मिसळलेलं चालत नाही. सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार. मग ती गंभीरपणे म्हणाली, गारपिटीत जो उभा राहायचा तो यात नाही, आणि जो चिमण्या खात नव्हत्या तो पण नाही.

बियाणं तिनं पेरून घेतलं, सगळं मिसळून, तिच्याच पद्धतीनं. मी चार महिने दर रविवारी जातोय. आता फेब्रुवारी संपत आला, ओंब्या बाहेर पडल्यात. मुंडीच्या त्या तीन रोपांचे दाणे निम्मे केंद्राच्या शीतगृहात आहेत, निम्मे इथं अम्माच्या मातीत. राहिलेल्या पाच तऱ्हांचा पत्ता नाही. अजून गावं बाकी आहेत, यादी केली आहे, चौतीस. रिटायर व्हायला आठ वर्षं, तेवढ्यात होतील बहुतेक, आणि नाही सापडल्या तर नाही सापडल्या, हे स्वतःला सांगतो, पण पटत नाही.

गेल्या रविवारी अम्मा बांधावर खाटेवर बसली होती. मधोमध एक रोप सगळ्यांच्या वर डोकं काढून उभं होतं, वाऱ्यानं हलत होतं. मी बघतोय हे तिनं ओळखलं. निघताना पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, जीता रह बेटा, बाकी पाँच मिलें तो मिलें, पर मेरे खेत में हाथ पीछे रख. आणि खरं सांगतो तुम्हाला, मी हात मागे बांधूनच उभा होतो.