वीरेशसाठी धरलेली जागा

हॅलो? … कोण? … आत्या? गुणाआत्या?

अगं, हा आवाज कशी विसरीन! उदगीरच्या माळवदावरून हाक मारायचीस, "तनेऽऽ, वीऱ्याऽऽ, ताटं वाढलीत!" दोन नावं एका दमात. मी अन् तुझा वीरेश चिंचेवरून धपाधप उतरायचो… हॅलो? आहेस का?

बरं, न्हाई काढत त्याचं नाव. … न्हाई म्हणलं ना! … तुमच्या मनाविरुद्ध केलेल्या त्याच्या लग्नात मी उभी राहिले म्हणून चार वर्षं बोलली न्हाईस. आज फोन केलास तो भांडायलाच का? … हाव? भांडायलाच? थांब मग, चहाखालचा गॅस बंद करते.

हं, बोल.

… माझं पुस्तक? तू वाचलंस? … आतोबांनी. मोठ्यानं. ओसरीवर बसून. … अगं, ती काय पोथी हाय का ओसरीवर वाचायला! तंत्रनिकेतनातल्या माझ्या पोरांसाठी लिहून राहिले मी ते.

… हो, घरच्या ग्रुपवर मीच टाकलं. कौतुक करतील म्हणून टाकलं. … न्हाई, लग्नपत्रिका न्हाई ती. … नावं छापली की पत्रिकाच होती का? अगं, रिस्क-फाइव्ह म्हणून एक प्रोसेसर असतो. त्याच्या असेंबलरला ज्या सूचना द्यायच्या, डिरेक्टिव्ह म्हणतात त्यांना, त्यांची मराठीत माहिती हाय. … उदाहरणं हायत ती, आत्या. इंग्रजी पुस्तकात एक्स अन् वाय असतात. पोरांना एक्स-वायनं झोप येती. म्हणून घरची नावं घातली.

… शून्य? … हो, तुझ्या नावापुढं शून्य हाय. "गुणाबाई, डॉट वर्ड, शून्य." … अगं ऐक ना… ऐक तर… ती तुझी किंमत न्हाई ग! तुझ्या नावानं जागा दिली अन् सुरुवातीला तीत शून्य ठेवलं. आडावर जाताना घागर रिकामीच नेतीस ना? पुढं भरतीच की ती. … साखराबाईला चौसष्ट? … ते आपलं… सुचलं तसं लिहिलं. … तुझी जाऊ हाय ती, माहीत हाय मला. … न्हाई, तिनं मला साडी न्हाई दिली. … बरं, दिली. पण साडीचा अन् चौसष्टाचा काही संबंध न्हाई!

… ग्लोबल? हो, केलं तिला. डॉट ग्लोबल म्हणजे दुसऱ्या फायलीतून हाक मारली तरी ते नाव ओ देतं. … तिचं तोंड दहा वेशींपल्याड ऐकू जातं, हे मी कुठं लिहिलंय? … हसू नको. … हसलीसच की!

बरं, तुला एकशे अठ्ठावीस देते. ग्लोबल पण करते. झालं समाधान?

… न्हाई?

… हं. … ते नाव. … न्हाई आत्या, ते काढणार न्हाई मी. … सकाळी पुस्तक छापायला जातंय, म्हणून आजच फोन केलास. कळलं मला. … त्या ओळीवर आतोबा थांबले? … पुढचं वाचलंच न्हाई? … चष्मा काढून ठेवला. … हं.

पण त्याच्यापुढं मी काय लिहिलंय, ते तरी ऐक. … डॉट स्पेस. "वीरेश, डॉट स्पेस." … सांगते ना.

लग्नात पंगत बसवणारा माणूस असतो बघ, तसा असेंबलर. जेवणाऱ्याला तो आठवत न्हाई, पण त्याच्याबिगर पंगत बसत न्हाई. त्याच्या कानात आधीच सांगून ठेवायचं, हितं हा बसंल, तितं ती बसंल. अन् डॉट स्पेस म्हणजे, एवढी जागा राखून ठेव, दुसऱ्याला देऊ नको. … न्हाई, वाढलेलं काही न्हाई तिथं. … स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतीस ना, तसं. … हो. माणूस मागून येणार असतो, म्हणूनच टाकतो की रुमाल.

… आत्या? … हॅलो? … हायस. बरं.

… किती म्हणजे? … आठ. आठ बाइट. … अगं, उदाहरणाला पुरेत की! … "साखराबाईला चौसष्ट अन् माझ्या लेकाला आठ?" … ते चौसष्ट वेगळं, हे आठ वेगळं… अन् आत्ता तर म्हणत होतीस, नाव खोड म्हणून! … न्हाई, न्हाई, चिडू नको, वाढवते. सोळा करू? … चोवीस? चोवीसच का?

… तिघांना आठ-आठ.

… तिघं कोण, आत्या?

… मी कशाला लपवू? … बरं, माहीत होतं मला. मुलगी झाली. सांगणार कसं, माझा फोनच घेत न्हवतीस तू! … पण तुला कोण बोललं? साखराबाई? … मग?

… तू गेली होतीस? … हैदराबादला? एकटी? … अन् घरी सांगितलंस बसवकल्याणला चालले म्हणून! … आतोबांना अजून माहीत न्हाई? … हं. … घर सापडलं? … मग? … खालीच उभी राहिलीस? बेल न्हाई वाजवलीस? … वॉचमननं विचारलं, कोणाकडं जायचंय… अन् तू म्हणलीस, पत्ता चुकला.

… हं. … गॅलरीत. … लंगोट वाळत घातलेले. … वाऱ्यानं हलून राहिले होते. … तेवढंच बघून गाडीला बसलीस?

… आत्या. … अगं, रडू नको.

… हे मला सांगून काय उपयोग? पलीकडं ओसरीवर तो माणूस चष्मा काढून बसलाय. त्याला सांग. … जा ना. … हो, धरते फोन. … जा.

…

… ऐकू येतंय मला. … मोठ्यानं बोल, त्यांना न्हाई ऐकू गेलं. … हां. … "नातीच्या दारात जाऊन आले मी." … म्हणलीस. म्हणलीस बाई एकदाची!

… आतोबा काय म्हणले? … हॅलो? काय विचारतायत? … कोणासारखी दिसती? … मग, तू काय सांगितलंस?

… "थेट तुमच्यासारखी"?

आत्या! अगं, तू नुसते लंगोट पाहिलेस! … हॅलो? … हॅलो?