उजव्या कानाशी

काय म्हणाली ती, सांग मेल्या, काय म्हणाली, तोंड उघड, असं भागीरथी काकी ओरडत होती. मी तिच्या गोठ्यात मांडी घालून बसलेला, तिच्या गाईचं, तांबूचं, डोकं माझ्या मांडीवर, माझा पंचा तांबूच्या डोळ्यांवर, आणि तांबू तर कधीच गेलेली. काकी म्हणजे पंचाहत्तरीची बाई, वजन म्हणाल तर ओल्या लुगड्यासकट पस्तीस किलो, पण आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची माणसं हातातलं काम टाकून दारात आली. मी हललो नाही. काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

पण असं मध्येच नको, पहिल्यापासून घ्या.

मी देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. माझा जन्म गोठ्यातला, आवस, म्हणजे माझी आई, म्हैस पिळायला बसली ती मला घेऊनच उठली, आणि म्हशीनं मला चाटून साफ केलं, पटत नसेल तर डोक्यावरचा हा भोवरा बघा, तो तिच्या जिभेचा. माझ्या वयाचे सगळे मुंबईला गेले, मी सरकारी गुरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून चिकटलो. परिचर म्हणजे काय, तर डॉक्टर सुई मारतो आणि परिचर लाथ खातो. एका रेड्यानं मला देवरूखात लाथ मारली तो मी संगमेश्वरच्या स्टँडवर जाऊन पडलो, तिथला कंट्रोलर म्हणाला, अप्पा, आज एस्टी वेळेच्या आधी कशी आली? हसा, हसा. मीही हसायचो.

तर माझं खरं काम डोकं धरण्याचं. जनावर शेवटाला आलं, पाय झाडायला लागलं, की डोळ्यांवर पंचा टाकायचा. दिसायचं बंद झालं की ते शांत होतं, मग डोकं मांडीवर घ्यायचं आणि कानात त्याचं नाव घेत राहायचं. डॉक्टर येतात, बदलून जातात, डोकं धरणारा तोच. त्यांचा शेवटचा श्वास इथं लागतो, माझ्या उजव्या कानाला, कारण मी ओणवा असतो ना. गरम असतो. गवताचा वास येतो त्याला.

एकदा एका म्हाताऱ्या गुरुजींचा बैल गेला. रिटायर माणूस, घरात एकटा, रडत नव्हता, नुसता बैलाच्या शिंगावरून बोट फिरवत होता. मला ते बघवेना. तोंडातून निघून गेलं, गुरुजी, जाताना तो मला कानात म्हणाला, गुरुजींनी मला कधी चाबूक लावला नाही, त्यांना सांग. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, आणि मग असे रडले, असे रडले की शेजारच्या विहिरीला पाणी वाढलं. पण रडून उठले ते हातपाय धुवून पेज जेवले. मला वाटलं, अरे, हे औषध सुईपेक्षा बरं.

झालं, तिथून मी पोस्टमन झालो. जनावर गेलं की माणसं डॉक्टरकडे बघतच नसत, मला विचारत, अप्पा, काय म्हणाली? मी काय ते जोडून द्यायचो. पण लबाडीसुद्धा अक्कल लावून करावी लागते, आधी पडवीत चहा घेताना घरातलं सगळं काढून घ्यायचं, कोण कुणाशी बोलत नाही, सून कुठं रुसलीय. एका म्हशीनं तर माझ्या तोंडून दोन भावांमधलं कुंपण काढायला लावलं. तलाठ्याला बारा वर्षांत जमलं नव्हतं. त्या भावांनी म्हशीचा फोटो लावलाय, देवांच्या ओळीत, गणपतीच्या शेजारी.

मग लम्पीचं वर्ष आलं. गुरांच्या अंगावर गाठी उठायच्या, पाय सुजायचे, आणि आपली गावठी गाय ती केवढीशी, तेवढ्यात खाली बसायची ती उठायचीच नाही. सकाळी देवरूखातून निघायचं, ह्या वाडीत डोकं धरायचं, हात धुतले न धुतले तर त्या वाडीतून फोन. कातळात खड्डा खणायचा म्हणजे चार माणसांचा दिवस जातो, आणि वाडीत चार माणसं नाहीत, सगळी मुंबईला. मग पहारही मीच घ्यायचो. आणि प्रत्येक घरी तेच, अप्पा, काय म्हणाली? मी सांगत गेलो. सांगता सांगता निरोप संपले. कालच्या गाईचा निरोप आजच्या गाईला लावायला लागलो. एका घरात तर नाव चुकलं, गेली होती चांदी, मी म्हटलं कपिला म्हणाली. त्या घरची पोर नुसती बघत राहिली माझ्याकडे. तिचे डोळे अजून दिसतात मला.

तेव्हापासून सुरू झालं. सकाळी मागच्या दारी दात घासायला उभा राहिलो की उजव्या कानाशी गरम लागायचं. श्वास. वळून बघावं तर माड. पहिल्यांदा वाटलं वारा असेल, पण वाऱ्याला गवताचा वास येत नाही हो. जेवायला बसलो तरी तेच, देवळात घंटेखाली उभा राहिलो तरी तेच. बोलायचं काही नाही. नुसतं कानाशी थांबायचं, जसं कुणीतरी सांगायला आलंय आणि मी ऐकत नाही म्हणून खोळंबलंय. इतकी वर्षं मी त्यांच्या नावानं बोललो, आता त्या खरंच बोलायला आल्यात आणि मला ऐकू येत नाही, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी उजवी बाजू भिंतीला लावून बसायला लागलो. बायको, सुमन, म्हणाली, भिंतीला काय विचारताय एवढं? मी म्हटलं, भिंत पडणार आहे, टेकू देतोय.

थापा मारणं थांबलं नव्हतं माझं, हे लक्षात घ्या. आत मात्र सगळं सुकलं होतं. सुमनचा भाऊ रत्नागिरीला दवाखान्यात होता, बघायला गेलो, सगळे रडतायत, आणि मी पुढं होऊन त्याची पापणी खाली ओढली, हिरड्यांचा रंग बघितला आणि म्हटलं, दोन दिवस. माझा सख्खा मेव्हणा. गाईला बघतात तसं बघितलं मी त्याला. तो जगला, आता मजेत आहे, पण सुमन माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

आमच्या मॅडम डॉक्टर, वयानं माझ्या मुलीएवढ्या, त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, अप्पा, दया करून करून माणूस थकतो, त्यात लाज नाही, तो ह्या कामातला आजार आहे. एक जनावर गेलं की लगेच दुसऱ्या घरी पळायचं नाही, हात धुवा, थोडं बसा, आणि कुणाशी तरी बोला. मी म्हटलं, मॅडम, माझं तोंड झोपेतसुद्धा चालतं. त्या म्हणाल्या, ते नाही. खरं बोला. मी त्यांना रेड्याच्या लाथेची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत.

आणि मग काकीची तांबू. काकीचे दोन्ही मुलगे मुंबईला, घरात ती आणि तांबू, बोलायला तीच. मी डोकं धरलं, पंचा टाकला, नाव घेतलं, श्वास कानाला लागला आणि थांबला. मॅडम बाहेर हात धूत होत्या. मी सवयीनं तोंड उघडलं आणि आत काही नाही. निरोप नाही, थाप नाही, रडणं नाही. किती वेळ बसलो ठाऊक नाही, मॅडम सांगतात पाऊण तास, मला सोडवायला आल्या तर मी त्यांचा हात झटकला म्हणे. मग काकीचं ते ओरडणं. मी तांबूचं डोकं खाली ठेवलं आणि पळालो, चपला हातात घेऊन, पंचा तिथंच टाकून.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला, मला रत्नागिरीच्या ऑफिसात कुठंही बसवा, फायलींना डोकं नसतं. मॅडमनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाल्या, पाठवते, पण आधी तुमचा पंचा आणा.

नवव्या दिवशी गेलो. काकी अंगणात कैरीच्या फोडी, आंबोशी, वाळत घालत होती. पंचा धुऊन दोरीवर. मी उभ्या उभ्याच बोललो, खरं, सगळं. काकी, तांबू काही म्हणाली नाही. कुठलीच कधी काही म्हणाली नाही. गुरुजींचा बैलसुद्धा नाही. मी सगळ्यांना फसवलं, आणि आता त्या माझ्या कानाशी येऊन उभ्या राहतात, मी काय करू? बोलता बोलता माझं तोंड असं वेडंवाकडं झालं, आणि मी रडलो. विहीरबिहीर काही वाढली नाही, ही थाप नाही, नुसता साधा रडलो, नाक पुसत.

अर्ज अजून ड्रॉवरमध्ये आहे. मी अजून डोकी धरतो. आता कुणी विचारलं काय म्हणाली, तर म्हणतो, मला ऐकू आलं नाही, तूच बस जरा तिच्याजवळ, आणि मीही शेजारी बसतो. घरी आलो की आज कोण गेलं ते सुमनला सांगतो, नाव चुकवत नाही. कान अजून गरम आहे, हात लावून बघा, उजवा, डावा नव्हे. येतात त्या. फक्त आता मी भिंतीला टेकत नाही, येऊ देतो. तुमच्या गोठ्यातली, घरातली सगळी सुखी राहोत, माझी गरज कुणाला न पडो.

हां, काकी काय म्हणाली ते राहिलंच. तिनं आंबोशीवरची नजरसुद्धा वर केली नाही. म्हणाली, गाय बोलत नाय ते ठाऊक हाय मला. तू बोलत नव्हतास, म्हणून विचारत होते.