वाळकाच्या दोन ओळी

प्रयागबाई : उजवीकून फिरव वर्षे, उजवीकून! पुन्याले जाऊन हातबी बदलले का तुये?

वर्षाराणी : हात तेच आहेत वो बाई. चार वर्षांनी काठी धरली. केवढा मोठा वाटतोय मला हा ड्रम.

प्रयागबाई : "वाटतोय मला!" ऐकलं का व माय. वाट पाहू पाहू मोठ्या जावेचे डोये गेले, अन् लहानी आली ते रेडिओवानी बोलत.

वर्षाराणी : हसा. तिकडं कंपनीत "मले" म्हटलं की पोरी हसतात, इकडं "मला" म्हटलं की तुमी हसता. मी बोलू तरी कुठं?

प्रयागबाई : ड्रमासंग बोल. तो कोनाले सांगत नाई.

वर्षाराणी : वास तसाच आहे पण. शेण, गोमूत्र, गूळ. बेसन टाकलं का?

प्रयागबाई : टाकलं. दर साल महालक्षुम्याले तुया भज्यासाठी बेसन आनते. तू येत नाई. मंग ते जाते जीवामृतात. आपल्या वावराले भज्याची सवय लागली आता.

वर्षाराणी : दादा कुठं गेले?

प्रयागबाई : तुये भासरे, आमचे हे, गाय घेऊन नाल्याकडे गेले. तू आलेली पाह्यली अन् गायीले एकदम भूक लागली म्हने. त्यायचं तसंच हाय. आनंद झाला का मानूस गायब.

वर्षाराणी : बोलतात का आता तरी?

प्रयागबाई : "हूं" म्हनतात. आधी आपन दोघी ड्रम फिरवाले उभ्या राह्यलो का फेस उतू जाये तरी गोष्ट सरे नाई. आता मी फिरवते, ते "हूं" म्हनतात, गाय कान हालवते. तिघायचं बरं चाललं हाय.

वर्षाराणी : रिसोडच्या नैसर्गिक शेतीच्या शिबिराला गेलो होतो आपण, आठवते? येताना एसटीत जीवामृताची कॅन सांडली.

प्रयागबाई : अन् कंडक्टरनं दोघीले मांगच्या शिटावर धाडलं. अख्खी गाडी म्होरं दाटून बसली, आपन मांगं रानीसारख्या पसरून! आठवत नाई का? लोक म्हनत, खत बंद केलं, आता दोघी जावा उपाशी मरतीन. पाह्य माया इकडे. मरून राह्यली का मी?

वर्षाराणी : नाही वो. गोलच झाल्या तुमी.

प्रयागबाई : हां. आता माती राह्यली. जाय, धुऱ्यावरची मूठभर आन. त्या बोरीखालची. तुया-माया वावराच्या मंधातला धुरा, ना खत माहीत त्याले ना औषध. त्या मातीबिगर इरजन लागत नाई ड्रमाले.

वर्षाराणी : आणते मग. जरा थांबून.

प्रयागबाई : काहून? धुरा का कोसावर हाय?

वर्षाराणी : बाई, मी एक सांगायला आले होते.

प्रयागबाई : मंग सांगजो. आधी वाळूक खाय.

वर्षाराणी : सकाळपासून हेच चाललंय तुमचं. मी तोंड उघडलं की तुमी त्यात काहीतरी घालता. च्या झाला, कण्या झाल्या, आता वाळूक.

प्रयागबाई : जाऊच्या तोंडात मानूस घासच घालते, अजून काय घालीन? चाल इकडे. पायाखाली पाह्य, येल हायेत. ह्या तुरीच्या अलीकडच्या दोन ओळी पाह्यल्या?

वर्षाराणी : वाळूक, बरबटी, अंबाडी... तीळ पण आहे. हा तर इरवा आहे बाई. छान आला. पण तुमचा इरवा तर तिकडं विहिरीकडं असतो ना?

प्रयागबाई : माया तिकडेच हाय. ह्या तुया ओळी.

वर्षाराणी : माझ्या?

प्रयागबाई : सासूबाईनं तुले अठीच ओळी तोडून देल्त्या न, तू नवी नवरी होती तवा?

वर्षाराणी : "वावर गड्यायचं, इरवा बायायचा. घरात लागते ते त्यात पेर, अन् कोनाले इचारू नको." असंच म्हणाल्या होत्या.

प्रयागबाई : मंग? तू गेली म्हून ओळी का पडीत ठेवाच्या? मी पेरते दर साल. मूठ सोडताना म्हनते, हे वर्षाराणीचं. नाईतं त्या वाळकायले वाटन माये हायेत.

वर्षाराणी : अन् निघतं ते खाते कोण?

प्रयागबाई : बरबटी, अंबाडी आमी खातो, खोटं कायले बोलू. पन वाळूक नाई. वाळकाचा कायदा तुले मालूम हाय. जिच्या नावानं पेरलं तिनं पयलं चाखावं, मंग घरानं. तू चाखलंच नाई, मंग आमी कसं खावं? येलावर पिकू देते, बी काढते, राखेत घोळून ठेवते. मिरग आला का पुन्हा पेरते.

वर्षाराणी : चार वर्षांत एकही नाही?

प्रयागबाई : यायनं एकडाव हात लावला होता. मी नुस्तं पाह्यलं. हात पॅन्टाले पुसला अन् पुढं गेले.

वर्षाराणी : तुमी पण ना बाई!

प्रयागबाई : घे. हे पाह्य, कसं पिवळं झालं. विळा दे तो.

(वाळूक चिरल्याचा आवाज. वर्षाराणी फोड खाते.)

प्रयागबाई : कसं हाय?

वर्षाराणी : गोड आहे.

प्रयागबाई : हाय न? मले वाटलंच. धनजचं बी हाय ते, तुया माहेरचं. तुया मायनं पदराच्या गाठीत बांधून देल्लं होतं. अजून घे.

वर्षाराणी : घेते.

प्रयागबाई : मीठ देऊ?

वर्षाराणी : नको... द्या. थोडं द्या.

प्रयागबाई : पोटभर खाय. कवाची म्हनते मी, येईन, अठी धुऱ्यावर बसन, अन् खाईन. आता तू चाखलं म्हंजे मलेबी मोकळीक झाली. आन ते फोड इकडे. तोंडाले नुस्तं पानी सुटे अन् मी ह्या ओळीतून तोंड फिरवून... थू! थू थू! अवं माय व! जहर हाय हे!

वर्षाराणी : पाणी घ्या. हळू.

प्रयागबाई : कडू कडू हाय वर्षे! अन् तू अर्धं खाल्लं? थुक ते! थुक म्हनते न!

वर्षाराणी : चार वर्षं ठेवलं तुमी. थुंकून देऊ?

प्रयागबाई : येडी का खुळी तू! पोट धरून बसशीन आता.

वर्षाराणी : बसन. काय होते त्याले.

प्रयागबाई : पन कडू झालं कसं? तुया मायचं बी तं साखर होतं.

वर्षाराणी : ते काय बोरीवर चढलं? बारीक बारीक फळाचं.

प्रयागबाई : शेरनी हाय ते. रानातली, कडू, वाळकाचीच जात. आपन धुऱ्याले औषध मारत नाई, म्हून जे उगवलं ते राह्यते बिचारं.

वर्षाराणी : तेच मिसळलं बाई. तिच्या फुलावरची माशी ह्या फुलावर आली असन. पयल्या नाईतं दुसऱ्या साली.

प्रयागबाई : अन् मी तेच बी राखेत घोळू घोळू पेरलं. एकडाव जीभ लावली असती तं तवाच येल उपटून फेकला असता. पन नाई. कायदा! अवं मी कडू बियाची इमानदारीनं पैदास केली वर्षे. गावाले सांगू नको, माय. अख्खं गाव मले नैसर्गिक शेती इचाराले येते.

वर्षाराणी : नाई सांगत.

प्रयागबाई : हसून राह्यली का रडून राह्यली तू?

वर्षाराणी : बाई, आता सांगू का? तोंड असंबी कडूच हाय.

प्रयागबाई : सांग.

वर्षाराणी : यायनं आमच्या हिश्शाचं वावर ठोक्यानं, सालाचे ठरलेले पैसे घेऊन, द्याचं ठरवलं. पाडव्यापासून. तांड्यावरच्या किसनसिंगले.

प्रयागबाई : भागवतनं?

वर्षाराणी : हो.

प्रयागबाई : म्हंजे हे वावर. जे आमी बटईनं, तुमाले पिकाचा वाटा देऊन, करून राह्यलो. ज्यात आता उभ्या हावो आपन.

वर्षाराणी : हेच.

प्रयागबाई : माया हातून काई कमी पडलं का? पोतं मोजताना कधी हात आखडला?

वर्षाराणी : नाई वो बाई, नाई. तसं मनात आनू नका. तठी सगळं ठरलेलं लागते. घरभाडं ठरलेलं, वैष्णवीची शाळा ठरलेली. आभाळाच्या भरवशाचं नाई चालत तठी. हे रातपाळी करतात, मी दिवसपाळी. भांडाले बी टाइम नाई भेटत आमाले.

प्रयागबाई : किसनसिंग मानूस वाईट नाई. पन त्याच्या फवारनीत सोयाबीन सोडून काईच जगत नाई. इरवा तं नाईच. अन् धुरा?

वर्षाराणी : ट्रॅक्टर वळवाले अडते म्हने. आमच्याकूनचा अर्धा काढतो म्हने.

प्रयागबाई : म्हून तू माती नाई आनली.

वर्षाराणी : हात झाला नाई.

प्रयागबाई : हूं.

वर्षाराणी : बाई, तुमी "हूं" नका म्हनू. तुमी बोला. शिव्या द्या.

प्रयागबाई : कोनाले देऊ? भागवतले मी अंगाखांद्यावर खेळवलं. तुले देऊ, तं तू कडू वाळूक खाऊन बसली. हे फोनवरबी सांगता आलं असतं न?

वर्षाराणी : ते म्हनत होते फोन कर. मी म्हटलं, नाई, बाईले तोंडावर सांगीन.

प्रयागबाई : बरं केलं. चार साल सनावाराले नाई आली, हे सांगाले आली. तरी बरं केलं.

वर्षाराणी : सनावाराले काहून नाई आली, इचारलं नाई तुमी कधी.

प्रयागबाई : सुट्टी नसन भेटत.

वर्षाराणी : भेटे. पयल्या दिवाळीले भेटली होती. बॅग भरली. वैष्णवी म्हने, आई, दोन दिवसाले एवढ्या साड्या काहून? पाह्यलं तं मी सगळ्याच भरल्या होत्या. एक नाई ठेवली मांगं. मंग बॅग रिकामी केली. आली असती तं परत गेली नसती बाई. म्हून आलीच नाई.

प्रयागबाई : हे मले नाई सांगितलं कधी.

वर्षाराणी : कसं सांगू? तठी दिवसभर खोक्यायले पट्ट्या चिकटवते. काम वाईट नाई, सावली हाय, पंखा हाय. पन सांजीले घरी येते, मोरीत हात धुवाले जाते, अन् हाताले धुवाले काईच नसते. माती नाई, शेन नाई, हळद नाई. तरी धुते. सवय हाय म्हून.

प्रयागबाई : ये इकडे. बस अठी. डोये पूस, नाईतं तुये भासरे आले का म्हनतीन मी रडवलं.

वर्षाराणी : म्या एक ठरवलं बाई. यायले सांगते, वावर द्या, तुमचं हाय. ह्या दोन ओळी ठोक्यात नाई. अन् धुराबी नाई. ते माये हायेत.

प्रयागबाई : भागवत ऐकीन?

वर्षाराणी : इरव्यात गडीमानूस कवापासून बोलाले लागला?

प्रयागबाई : अन् किसनसिंग?

वर्षाराणी : त्याच्या घरी हिरीबाई हाय न? तिचा इरवा पाह्यला मी येताना, काय सुंदर चवळी आली. तिले सांगून जाते. नवऱ्याले कोनत्या ओळीवर फवारा बंद कराचा ते तिले बरोबर सांगता येते.

प्रयागबाई : अन् बी? हे कडू तं काई मी पेरत नाई आता.

वर्षाराणी : मायजवळ हाय अजून. आज धनजलेच जाऊन राह्यली मी, मुक्कामाले. घेते अन् जीपवाल्याच्या हातानं तुमाले पाठवते.

प्रयागबाई : पाठवशीन.

वर्षाराणी : पेरनीले सुट्टी नाई भेटत बाई.

प्रयागबाई : मी म्हटलं का काई?

वर्षाराणी : नाई म्हटलं.

प्रयागबाई : शेरनी उपटून टाकते मंग मी आजच. नाईतं धनजचंबी बाटीन.

वर्षाराणी : धुऱ्यावरची कायले उपटता? राहू द्या तिले. वाळूक विहिरीकडल्या कडीले पेरा, दूर. ओळी दोन हायेत न, अंबाडी इकडे येईन.

प्रयागबाई : पाह्य. चार साल खोके चिकटवले, पन वावर नाई गेलं तुया डोक्यातून.

वर्षाराणी : अन् बाई, अजून एक ऐका.

प्रयागबाई : आता काय राह्यलं?

वर्षाराणी : पुढच्या सालपासून माया ओळीतलं पयलं वाळूक तुमीच चाखत जा.

प्रयागबाई : काहून?

वर्षाराणी : कडू निंघालं तं तवाच समजीन. साल वाया नाई जाईन.

प्रयागबाई : बुद्धीचं बोलली.

वर्षाराणी : म्या सांगितलं म्हंजे कायदाबी नाई मोडत.

प्रयागबाई : तो जीपवाला हार्न मारून राह्यला फाट्यावर.

वर्षाराणी : मारू द्या. थांबा, माती राह्यली. आनते... हे घ्या. बोरीखालचीच हाय. टाकू?

प्रयागबाई : टाक. अन् फिरव. उजवीकून.

वर्षाराणी : उजवीकूनच फिरवते. बाई, चाखसान न मंग?

प्रयागबाई : नाई वं चाखत, तुया नावाचं हाय ते. कडू निंघालं तं निंघालं. तू फिरव, जीपवाला थांबते.