डॉक्टरांच्या खोलीतून फोन लागतो

तिसऱ्या खुर्चीवरच्या बाई घरूनच शब्द जुळवून आल्या होत्या. त्या फोनवर बोलत असतानाच रिसेप्शनवरच्या या मुलीने तीनदा फोन आपटला होता. आज डॉक्टरांना सांगायचंच होतं. पण मुलगी फोन बसवणाऱ्याशी आधीच भांडत होती.

“फोन ठणठणीत आहे, मॅडम. डॉक्टरांच्या खोलीतून लावून बघितला.”

“आतल्या आत लागतोच हो. पेशंट काय डॉक्टरांच्या खोलीतून फोन करतात?”

“फोन आता इंटरनेटवरून चालतो, नव्या राउटरवर सेटिंग मीच केलंय.”

“तेव्हापासूनच बाहेरच्यांचा आवाज येत नाही. हॅलो हॅलो करून घसा बसतो, शेवटी ठेवून देते. डॉक्टर म्हणतात, उर्मट आहेस, उद्यापासून येऊ नकोस.”

“तुम्हालाच नीट उचलता येत नसेल.”

“रस्त्यावर जा आणि मोबाइलवरून लावा. जा म्हणते ना.”

तो पाय आपटत गेला. काचेपलीकडे त्याने मोबाइल कानाला लावला, टेबलावरचा फोन वाजला.

“हॅलो. तुमचे ओठ हलताना दिसतायत, आवाज शून्य. माझं ऐकू येतंय ना? मान हलवा.”

त्याने मान हलवली.

“मग ऐका. तुमचा राउटर लोकांचा आवाज दारातच अडवतोय आणि नोकरी माझी जातेय. चार दिवस कानीकपाळी ओरडतेय, तर मलाच अडाणी ठरवलंत. आता आत या आणि हे डॉक्टरांना तुमच्या तोंडाने सांगा.”

तिने रिसीव्हर आपटला.

बाई उठल्या. “चल, मीपण येते आत. तीनदा बोलले होते मी तुझ्याशी.”