पहिलीला बाईच पाहिजे

...बाई म्हणतात हो मला, बाई! हा ज्योतीराम, पावणेसहा फूट उंच, ओठावर ही अशी मिशी, आणि पहिलीतली पस्तीस पोरं एका सुरात, 'ओ बाई, शूला जाऊ?' तुम्हाला सांगतो, पोरांची तरी काय चूक? रहाटणीच्या आमच्या शाळेत चौदा बाया आणि मी एकटा बाप्या, मग जो शिकवतो तो बाई, असंच डोक्यात बसणार ना! सहा महिने घसा फोडला, 'बाळांनो, सर म्हणा, सर!' तर म्हणतात, 'हो बाई!' घ्या!

शाळेत सर म्हणतात फक्त जयमाला मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका. 'सर, सिलिंडर उतरवता? सर, पाल हाकला ना! सर, तेवढं कपाट सरकवा...' सर म्हटलं की समजायचं, काहीतरी उचलायचंय.

तर त्या दिवशी मैदानात इंद्रायणी पडली. एवढीशी पोर हो, बाप चाकणला कंपनीत, शिफ्टवर ओव्हरटाइम, तिनं बाप बघितलाय तो झोपलेलाच! गुडघा फुटला, तशी 'बाईऽऽ' करत माझ्याकडेच धावली. मी कडेवर घेतली, जखम धुतली, डोळे पुसले... आणि फाटकात तिची आई उभी!

दुसऱ्या दिवशी अर्ज, अकरा आयांच्या सह्या. 'पहिलीला बाईच पाहिजे.' म्हटलं, अहो, बाईच आहे की मी! कुणी हसलं नाही हो. तिची आई खाली बघून म्हणाली, 'सर, तुमचं काही नाही... पण रोज बातम्यांत काय काय ऐकायला येतं, जीव घाबरतो.' मलाही मुलगी आहे. माझाही घाबरतो.

वर्ग गेला पूनम बाईंकडे, मी ऑफिसात दाखले लिहीत बसलोय. वर मॅडमची ताकीद, 'सर, पोरांना हात लावायचा नाही.' आणि काल दारात कोण? इंद्रायणी! कोपर सोललेलं, 'ओ बाई...' मी दोन्ही हात पाठीमागे धरले, घट्ट. कपाटं परवडली हो, हे हात आवरणं जड गेलं! म्हटलं, 'बाळा, बाईंकडे जा.' तर माझ्याकडे बघत राहिली, म्हणाली, 'तुम्हीच तर बाई!'

...गेली मग. एकटीच.

तेवढ्यात आतून हाक, 'सर, जरा कपाट!'

आलो, म्हटलं, मॅडम. हात रिकामेच आहेत.