खालती कोण आसा?

मंडळी, रवळनाथाच्या या दारात बसलात ना? मग आधी एक प्रश्न. आज तुम्ही घरून निघालात आणि सुखरूप इथे पोचलात. कुणाच्या जिवावर? 'देवाच्या' म्हणू नका लगेच! देवाचं नाव घेतलं की माणसांचे आभार मानायचे राहून जातात — सोयीचं उत्तर आहे ते!

तर ऐका. आपल्या शेजारच्या वाडीतले काशिनाथ खोबरेकर. नौदलात अठरा वर्षं नोकरी, तीही विमानं वाहून नेणाऱ्या बोटीवर. आता म्हणाल, काय भाग्य! रोज विमानं बघायला मिळत असतील!

एकही नाही! अठरा वर्षांत एकही विमान उतरताना बघितलं नाही या माणसाने!

असं कसं, बुवा? सांगतो. बोटीवरची धावपट्टी केवढी? इवलीशी! विमान भरधाव येतं, त्याच्या शेपटीला आकडा, आणि खाली आडवी पोलादी तार. आकडा तारेत अडकला तर विमान थांबलं, नाही तर पुढे समुद्र! आणि ती तार किती ओढ घेईल, हे ठरवणारं यंत्र कुठे? डेकच्या खाली, पोटात. तिथे आमचे काशिनाथ. वरून फोन यायचा, 'अमुक विमान!' हे त्या विमानाचं वजन यंत्रावर लावायचे आणि ओरडायचे, "लावलंय!" मग डोक्यावर धाड्‌दिशी आवाज. झालं! आवाज आला म्हणजे वरचा माणूस वाचला. एवढंच दर्शन!

गेल्या वर्षी काशिनाथांना काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, नजर किती टिकेल सांगता येत नाही. काशीयात्रा नाही मागितली हो त्यांनी! लेकीला म्हणाले, "विनया, एकदा विमान उतारताना बघूक व्हया. वरसून."

विनया कुडाळला कॉलेजात शिकवते. हुशार पोरगी! मोठा पडदा आणला, विमान चालवायचा दांडा आणला, पायाखालची पेडलं आणली. कॉम्प्युटरवर समुद्र, समुद्रात बोट, आणि आपण विमानात! मी त्या दिवशी चहाला गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं.

काशिनाथांचं पहिलं विमान — समुद्रात! हसू नका! तुमच्यातल्या कित्येकांना देवळासमोर स्कूटर सरळ लावता येत नाही, मघाशीच बघितलं मी!

दुसऱ्यांदा मात्र सुरेख आले. बोट समोर, विमान सरळ, आता टेकणार — आणि काशिनाथ ओरडले, "वजन लावला काय?"

त्यांनी दांडा ओढला. विमान परत वर!

"बाबा, काय झाला? उतरा मां!"

"खालसून जाप नाय इली."

पुन्हा फेरी. "वजन लावला काय?" खालून उत्तर नाही. पुन्हा वर! अशा चार फेऱ्या! माझा चहा गार झाला, मंडळी. शेवटी इंधन संपलं आणि विमान पाण्यात. विनया वैतागली. "बाबा, खालती कोण नाय! कॉम्प्युटर आसा तो! आपसूक लागता सगळा!"

काशिनाथांनी चष्मा काढला. डोळे पुसले. म्हणाले, "खालती कोण नाय, तर मी उतारू कोणाच्या जिवार?"

आणि मग काय केलं पोरीने? वाद नाही घातला. उठली आणि टेबलाखाली जाऊन बसली! चाळिशीची प्राध्यापिका! टेबलाखाली!

तिसरं विमान. बोट जवळ आली. "वजन लावला काय?"

आणि टेबलाखालून खणखणीत आवाज, "लावलंय, बाबा! उतरा!"

उतरले! आकडा तारेत! विमान थांबलं! माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? काशिनाथ पडद्याकडे बघतच राहिले. "असा दिसता तर!" म्हणाले. मग हात जोडले आणि वाकले. "खालच्यांका नमस्कार."

विनया टेबलाखालून बाहेर आली. म्हणाली, "बाबा, अठरा वर्षा खालती तुमीच होतात."

मंडळी, काशिनाथ कुणाला नमस्कार करत होते, हे त्यांना तेव्हा कळलं. आणि मला? मला त्या खुर्चीत माझी लाज वाटली.

का म्हणून विचारा! अकरा वर्षं मी या उत्सवात कीर्तन करतोय. तुम्ही माना डोलावता, मी फुलतो. पण देवळाच्या मागे चुलीशी शेवंतीकाकी आहेत. अकरा वर्षांत त्यांनी माझं एक कीर्तन बसून ऐकलेलं नाही! मी इथे बोलतो तेव्हा त्या तिथे तुमच्या-माझ्यासाठी भात उपसतात. आणि मी? जेवलो, ढेकर दिला, नारळ घेतला, घरी गेलो! एकदाही मागे डोकावलो नाही.

तुमच्या मागे कोण आहे, ते तुम्ही आठवा. मी माझं बघतो. आज पहिलं पान मी वाढणार, आणि ते शेवंतीकाकींचं. त्या जेवल्याशिवाय हा बुवा पानावर बसणार नाही. आता टाळ जरा थांबवा. थांबवा हो!

शेवंतीकाकी! ओ शेवंतीकाकी! झाला काय?

— ऐकलंत? ऐकलंत का, मंडळी? चुलीकडून आला आवाज!

"झाला, बुवा! येवा!"

चला. आता उतरूया.