टाकीतली सकाळ

वकिलांच्या बाहेरच्या खोलीत मास्तर आपले कागद पाचव्यांदा उलगडत होते, पण कान शेजारच्या बाकावर हातभर अंतर ठेवून बसलेल्या नवरा-बायकोकडे होते.

“माशांच्या टाकीचा टायमर मी बदलणार आहे. सकाळी दहाला लाइट लागेल, सहाला बंद.”

“अगं, माशांबरोबर जिवंत कोरल, प्रवाळं आहेत त्यात! एकदम चार तास अलीकडे ओढलेस तर झटका बसेल त्यांना.”

“दुपारी दोनला त्यांची सकाळ व्हायची, ती तुझ्यासाठी. सातला घरी आल्यावर तुला ती फुललेली बघायची असायची. आता सातला कोण येतंय?”

“बदल हवं तर. पण रोज पंधराच मिनिटं सरकव. त्यांना पत्ताही लागत नाही.”

“माहितेय. तूही असाच रोज पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा यायला लागला होतास.”

मास्तरांनी उगाचच कागद पुन्हा गुंडाळले.

“बरं... सुरुवात केलीस?”

“चारदा हात लावला टायमरला.”

“मग?”

“मग काय! अजून दोनलाच उजाडतंय तिथं.”

आतून हाक आली. नंबर त्या दोघांचा होता. दोघंही उठेनात, तेव्हा मास्तरच उठून आत गेले.